न घेतलेला तिळगूळ

पौष निम्मा सरला की आमच्या सोलापुरात कोरडी थंडी पडते. ओठ फुटतात, टाचा उलतात, आणि पहाटेचा मिलचा भोंगा उगाच जवळून वाजल्यासारखा वाटतो. घराघरांतून तीळ भाजायला लागतात. तो खमंग वास गल्लीभर फिरतो, पोरं कढईभोवती घोटाळतात, बायका वाणाला काय लुटायचं त्याचे बेत करतात. मी मात्र दाराकडे बघत राहते. संक्रांतीला घाबरणारी बाई साऱ्या गावात मी एकटीच असेन.

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, कुत्रं रडलं तरी उठून बसते. आमचे हे चिडवायचे, "हिला वाऱ्यानं कडी वाजली तरी चोर दिसतो." दिसायचा, खोटं कशाला बोलू? पण तिळगुळाची भीती त्यातली नाही, तिला कारण आहे. एरवी तोंड फिरवून जाणारा माणूस हसत हसत तिळगूळ घेऊन दारात उभा राहिला, की हात पुढे करायच्या आधी मी त्याचा चेहरा बघते. नीट, डोळ्यांत बघते. माझी सून सुधा म्हणते, "आई, लोकांना वाटतं तुम्ही वडी केवढी आहे ते बघताय." वाटू दे.

ती संक्रांत सन एकतीस-बत्तीसच्या सुमाराची. लग्न होऊन मला थोडीच वर्षं झाली होती. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या, आणि घरात आम्ही तिघंच उरलो. हे मिलच्या कचेरीत कारकून होते, मी होते, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजी मराठी शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सारी पेठ त्यांना मास्तर म्हणायची आणि सारी पेठ त्यांना टरकून असायची. राग कायम नाकावर. वाण्याशी भांडण, कारण त्यानं पाटीवर शब्द अशुद्ध लिहिला. शाळेतल्या जुन्या सोबत्याशी भांडण, कारण तो मुलांना कवायतीऐवजी गोष्टी सांगायचा. भिंतीपलीकडे राजम्माचं घर, तिथे दिवस उजाडायच्या आत माग खटखटायला लागत, म्हणून तिच्याशीही भांडण. राजम्मा तेलुगूत उत्तर द्यायची, मामंजी मराठीत ओरडायचे, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजायचं.

आणि सर्वांत मोठं भांडण सख्ख्या बहिणीशी. आत्याबाई त्यांच्याहून मोठ्या, विधवा, जवळच्या कुंभारी गावात दिरांच्या मुलांत राहून शेत बघायच्या. सासूबाईंच्या तेराव्याला त्या भरल्या घरात मामंजींना म्हणाल्या, "बापू, रड की जरा. छातीत दाबून ठिवू नगंस." मामंजी ताडकन उठले. "मला शिकवू नकोस. माझ्या घरात असला तमाशा चालणार नाही." आत्याबाईंनी बोचकं उचललं आणि पाण्याचा थेंबही न घेता निघून गेल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मामंजी रडले नाहीत ते नाहीतच. सासूबाई गेल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण मोतीबिंदू वाढत गेला. वाचन बंद पडलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, त्याला आपल्या हाताच्या रेषाही दिसेनात. मला अक्षर त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी अडखळायची, ऱ्हस्वाला दीर्घ ओढायची, आणि ते तापायचे. "ठोंब्ये! तोंडात गारगोटी धरलीयस का?" मला राग यायचा, रडूही यायचं. आता वाटतं, त्या घरात तेवढाच एक जिवंत आवाज होता.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तो आवाज थांबला. मी मुद्दाम एक शब्द चुकीचा वाचून पाहिला. मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. दुसरा चुकवला. काही नाही. शेवटी म्हणाले, "राहू दे आता. काय करायचंय जगाचं?" माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. ताटातली भाकरी निम्मी परत यायला लागली. शाळूची पांढरीशुभ्र भाकरी आणि शेंगांची चटणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, तीही नको झाली. पहाटे भोंग्याच्याही आधी ते उठून बसलेले असायचे. परसात आमचा आड होता. ते हातात तांब्या घेऊन परसात गेले की मी चुलीपुढे कान टवकारून बसायची. तांब्या ठेवल्याचा आवाज आला, चपलांचा आवाज आला, की मग मी श्वास सोडायची. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "अगं, म्हातारपण आहे. बायको गेलेली, डोळे गेलेले. माणूस जरा गप्प होणारच." त्यांचंही खोटं नव्हतं. पण मला चैन पडेना.

मग संक्रांतीच्या तोंडावर एका सकाळी मामंजी हसले. उगाच नाही, चांगले माझ्याकडे बघून हसले. "सूनबाई, यंदा हलवा कर. ती करायची तसा, काटेरी." मी इतकी हरखले! शेगडीवर परात ठेवून, तिळावर पाक थोडा थोडा सोडत, बोटांनी फिरवत बसले. हलव्याला घाई चालत नाही आणि थंडी लागते. बोटं पोळली, पण काटे सुरेख आले. वड्याही केल्या. भोगीला बाजरीची भाकरी त्यांनी मागून खाल्ली. मी देवापुढे साखर ठेवली. मनात म्हटलं, सुटलो.

संक्रांतीच्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, पागोटं चढवलं, तिळगुळाचा डबा उचलला आणि काठी टेकत निघाले. आधी राजम्माकडे. नंतर वाण्याकडे. गावच्या संक्रांतीच्या जत्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघायला रस्ते फुलले होते, त्या गर्दीतून वाट काढत ते जुन्या सोबत्याच्या घरी गेले. ज्यांच्या उंबऱ्यावर वर्षानुवर्षं पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे जाऊन "तिळगूळ घ्या, गोड बोला, माझं चुकलं असेल ते पोटात घाला" असं म्हणून आले. पेठेत दुसरा विषय नव्हता. मास्तर निवळले! जुन्या सोबत्याच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. राजम्मा भिंतीवरून मला म्हणाली, "मास्तर मंची झाला गं. लई मंची." तिच्या भाषेत मंची म्हणजे चांगला. यांची छाती फुगली. "बघ, तू उगीच भीत होतीस."

संध्याकाळी मामंजींनी मला हाक मारली. माझ्या हातावर वडी ठेवली आणि म्हणाले, "घर तुझ्या हाती आहे. मला आता कसली काळजी नाही." सासऱ्यानं सुनेला असं म्हणावं, यापरतं कौतुक कुठलं? पण वडी माझ्या हातातच राहिली. इतका हलका आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. माझ्या माहेरी आजोबा काशीला निघाले होते, तेव्हा असेच घरोघर जाऊन आले होते. परत येऊ न येऊ, म्हणून सगळ्यांचे निरोप घेतले होते त्यांनी. मामंजी कुठे निघाले होते?

त्या एका प्रश्नानं माझं सगळं अंग गार पडलं. अजूनही, हे लिहिताना, पाठीतून तसंच काहीतरी जातं.

आमच्याकडे हा सणच असा. भांडण मिटवायला कुणी आलं, तर लोक कारण विचारत नाहीत, दिवसच तो असतो. म्हातारा माणूस एकेकाची माफी मागत फिरला, तर लोक त्याच्या पाया पडतात, म्हणतात किती मोठं मन. सणाच्या पांघरुणाखाली त्यांचं निरोप घेणं चाललं होतं, आणि आम्ही सारे वरून तीळ पसरत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी चांदीच्या मुठीची काठी शाळेच्या शिपायाला देऊन टाकली. मग शाल. मग पुस्तकं शाळेत पाठवली. "काय विरक्ती!" लोक म्हणाले. मला रात्रंदिवस त्या आडाचं पाणी दिसायचं.

तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात. तेवढीच मुदत होती, असं माझ्या डोक्यात बसलं. आणि एकच घर उरलं होतं, कुंभारीचं. रोज विचारायचे, "गाडी मिळेल का गं कुंभारीची?" मी रोज काहीतरी सांगायची. बैल दुखावलाय म्हणे. आज माझं डोकं दुखतंय. ते घर होत नाही तोवर मामंजी जात नाहीत, अशी माझी वेडी समजूत. मी तिला पदराच्या गाठीसारखं धरून बसले होते. मला कुणी म्हटलं असतं की उगीच वेळ काढतेस, तर मी म्हटलं असतं, काढतेच आहे.

पण रथसप्तमीला आत्याबाईंच्या वाटेकऱ्याची गाडी बाजाराला आली, आणि मामंजींनी ती रस्त्यातच थांबवली. "मीपण येते," मी म्हटलं. "हुरडा खायचाय." हुरडा खरं तर सरला होता, दाणा टणक व्हायला लागला होता. पण सुनेचं डोहाळ्यासारखं बोलणं कोण मोडणार? चल म्हणाले.

गाडीत ते बोलत होते. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसं भरून वाकलेली, मचाणावरून पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या येत होत्या. मामंजींना ते सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसत असणार. तरी म्हणाले, "या शेतांतून आम्ही शाळा चुकवून पळायचो. आक्का मला पाठीवर घ्यायची." फार गोड बोलत होते. मला वाटलं, यांनी एकदा ओरडावं. ठोंब्ये म्हणावं. वाटेकऱ्याच्या अंगावर खेकसावं. काहीही करावं, पण असं गोड बोलू नये.

आत्याबाई शेतातच होत्या. आगटीपाशी बसून वाटेकऱ्याच्या बायकोकडून शेवटची चार कणसं भाजून घेत होत्या. भावाला पाहिलं आणि मान वळवली. मामंजी कडुलिंबाखाली घोंगडीवर टेकले. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत्याबाईंच्या मागे खोपीपाशी गेले. काय सांगावं, कसं सांगावं? वडीलधाऱ्या माणसाबद्दल ते शब्द तोंडातून काढायचे कसे? कसंबसं एवढंच म्हटलं, "आत्याबाई, सगळ्या पेठेत जाऊन आलेत. सगळ्यांशी गोड झालेत. तुमचं घर शेवटचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कळशी खाली ठेवली. "काठी कुटं हाय त्येची?"

"देऊन टाकली."

"शाल?"

"तीही."

आत्याबाई पदर खोचून तशाच आगटीपाशी परत जाऊन बसल्या.

मामंजी चाचपडत उठले, डबा उघडला आणि वडी पुढे केली. "आक्का, तिळगूळ घे. माझं चुकलं."

"न्हाय घेत."

मी चरकले. वाटेकऱ्याची बायको तोंडावर हात ठेवून बघत राहिली. सणाचा तिळगूळ वैरीसुद्धा परतवत नाही.

"आक्का, सणाचा आहे. नाकारतात का?"

"मी नाकारतीय. तुजंमाजं भांडान हाय, ते तसंच ऱ्हाऊ दे."

मामंजींच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. ती शीर मी कितीतरी दिवसांनी पाहत होते. "मी धाकटा असून आपणहून इथवर आलो. तुला काही रीतभात? म्हातारपणी तरी शहाणी हो!"

"तू लई शाना. कुटं निगालास, ते सांग आदी. दारोदार निरोप घेत हिंडतोयस, काठी वाटतोयस, शाल वाटतोयस. कुटं निगालास, बापू?"

"कुठे नाही."

"जीव द्यायचं हाय का डोक्यात? सरळ सांग."

एवढं उघड कुणी विचारतं का? मला वाटलं आता आकाश कोसळणार. तो शब्द मी मनातसुद्धा पुरता उच्चारला नव्हता, जणू उच्चारला की तो खरा होईल. आत्याबाईंनी तो भाजलेल्या कणसासारखा भर उन्हात समोर ठेवला. आणि आकाश जागच्या जागी राहिलं. मचाणावरचा पोरगा पाखरं हाकत होता. आगटीत गोवरी फुटली.

मामंजी घोंगडीवर बसले. "व्हय," म्हणाले. हेडमास्तर माणूस, शुद्ध बोलण्यासाठी पोरांच्या हातावर छड्या ओढणारा, पण बहिणीपुढे तोंडून तो शब्द गावातलाच आला. "व्हय, आक्का. सकाळी उठतो आणि करायचं काय, तेच कळत नाही. दिसत नाही. ती नाही. सगळ्यांच्या पायांत येतो नुसता. म्हटलं, सगळ्यांशी नीट होऊन जावं."

"आणि मी? मी कुनाशी भांडू मग?" आत्याबाईंचा आवाज फाटला. त्यांनी भावाचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं, आणि मामंजी रडले. तेराव्याला अडवून ठेवलेलं ते सारं रडणं कुंभारीच्या शेतात बाहेर आलं. इतक्या वयाच्या पुरुषाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या आत कुठेतरी, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, जिवात जीव आला.

वडी मामंजींच्या मुठीत तशीच विरघळत होती. आत्याबाईंनी त्यांची मूठ मिटली. "म्होरल्या वरसाला आन. तवा बगू."

सुगी तोंडावर आलेली असताना त्या बोचकं बांधून आमच्याबरोबर गाडीत बसल्या. घरी आल्यावर त्यांनी यांना समोर बसवून सगळं सांगितलं. हे उठले आणि आडावर जाड फळ्या घालून त्यावर दगड ठेवून आले. आम्ही पाणी राजम्माकडून आणायला लागलो. राजम्मालाही सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली, आम्ही पहाटे उठलेलेच असतो, मास्तरांना इकडे मागापाशी पाठवत जा. ज्या खटखटीवरून भांडणं झाली, तिथे ते भल्या पहाटे जाऊन बसायला लागले. सर्वांत वाईट वेळ तीच असायची त्यांची.

बरे झाले, असं मी एका दमात म्हणणार नाही. त्या उन्हाळ्यात एकदोनदा ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले, आणि आम्ही पाळीपाळीनं त्यांच्याजवळ बसलो. आत्याबाई रोज विचारायच्या, चहा घेतलास का विचारावं तितक्या साधेपणानं, "आज कसं हाय डोक्यात?" कधी ते चिडायचे, कधी म्हणायचे, "आज बरं नाही." ज्या दिवशी "बरं नाही" म्हणायचे, त्या दिवशी आम्हाला भीती कमी वाटायची. डॉक्टरांनी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. भिंग लावून थोडं दिसायला लागलं. एका संध्याकाळी मी वर्तमानपत्र वाचत होते, कुठेतरी अडखळले, आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "ठोंब्ये!" मी वर्तमानपत्र तोंडावर धरून रडले.

दर संक्रांतीला ते आत्याबाईंपुढे वडी धरायचे. दर संक्रांतीला आत्याबाई हात पदरात घालायच्या. "म्होरल्या वरसाला बगू." मग दोघांची कडाक्याची जुंपायची, पार जेवणं होईपर्यंत. अशा किती संक्रांती गेल्या, ते मी मोजलं नाही. मामंजी गेले ते तापानं, अंथरुणात, बहिणीनं पायात मोजे घालू दिले नाहीत म्हणून तिच्यावर कुरकुरत. त्यानंतरच्या संक्रांतीला आत्याबाईंनी आपणहून डब्यातली एक वडी घेतली आणि कोपऱ्यात बसून खाल्ली.

हे सगळं आज का लिहायला बसले? यंदाही तीळ भाजून झालेत. आमचे हे जाऊन दोन वर्षं होतील. गुडघे धरलेत, कानांना कमी येतं, घरातल्या बोलण्यात मी निम्म्यावर पोहोचते तोवर विषय बदललेला असतो. काल भोगी झाली. आज सकाळी उठले तेव्हा मला फार हलकं वाटत होतं. इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी उतरल्यासारखं. मनात आलं, धाकट्या चुलत जावेशी किती वर्षं अबोला आहे, आज जाऊन यावं. कपाटातली पैठणी नातीला देऊन टाकावी. सगळं नीट करावं. मी वड्यांचा डबा घेतला, आणि स्वयंपाकघरात जाऊन आधी सुधाच्या पुढे एक वडी धरली. माझ्या तोंडून शब्द आले, "घर तुझ्या हाती आहे. मला आता कसली काळजी नाही."

बोलले, आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. तो माझा नव्हता. त्या संक्रांतीच्या संध्याकाळी मामंजींच्या तोंडून ऐकलेला होता.

सुधानं पुढे केलेला हात मागे घेतला. तिनं ही सगळी गोष्ट माझ्याच तोंडून कितीदा ऐकली आहे. गॅस बंद केला, माझ्या हातातला डबा काढून फळीवर ठेवला, आणि मला पाटावर बसवून समोर बसली.

"नाही घेत," ती म्हणाली. "आधी सांगा, मनात काय आहे."

मी सांगितलं.